भेंडीवरचे कोळी आणि डीएनए चाचणी

प्रश्न : मी ठाण्यात राहतो; शहापूर तालुक्यात आमची दीड एकर भेंडी आहे. पानांवर बारीक पांढरट ठिपके पडले, मग खालच्या बाजूला जाळी दिसू लागली. दुकानदाराने दिलेल्या औषधाच्या दोन फवारण्या करूनही कोळी वाढतच आहेत. ऐरोलीत जैवतंत्रज्ञान शिकणारा भाचा म्हणतो, आधी कोळ्यांचा डीएनए तपासून घ्या. ते आवश्यक आहे का?

उत्तर : भाच्याचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्याने क्रम उलटा लावला आहे. पहिल्यांदा दुकानदाराने दिलेल्या बाटलीवरचे लेबल वाचा. ते सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असेल, तर कोळ्यांना खाणारे मित्रकोळी आधी मरतात आणि पिकावरचे कोळी पूर्वीपेक्षा जास्त फोफावतात. पिकावरचा हा बारीक कोळी (इंग्रजीत ‘माइट’) कीटक नसून आठ पायांचा, घरात जाळे विणणाऱ्या मोठ्या कोळ्यांच्याच वर्गातला प्राणी आहे. म्हणून कीटकांवरचे प्रत्येक औषध त्याच्यावर चालत नाही.

आता चाचणीविषयी. भेंडीवर टेट्रानिकस या प्रजातिगटातल्या एकाहून अधिक जाती आढळतात. त्यांच्या माद्या जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असून भिंगातून सारख्याच दिसतात, आणि रंगावर विसंबावे तर एकाच जातीत हिरवट आणि लालसर असे दोन्ही प्रकार सापडतात. जुन्या पद्धतीत जात ठरते ती नराच्या जननांगाच्या आकारावरून, आणि त्यासाठी तो नर काचपट्टीवर अगदी कुशीवर ठेवावा लागतो. किंचित कलला तरी जननांगाचा बाक नीट दिसत नाही. हे काम जाणणारी माणसे मोजकीच. पाठवलेल्या पानावर नर नसेल, नुसती अंडी आणि पिल्लेच असतील, तर तज्ज्ञालाही हात टेकावे लागतात. डीएनएची खरी मदत होते ती इथे, कारण अंड्यातला डीएनए पूर्ण वाढलेल्या मादीइतकाच बोलका असतो.

प्रयोगशाळेत बहुधा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा वाचतात. कॅनडातील पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ‘बारकोड’ म्हणून सुचवलेला हा तुकडा साधारण 650 अक्षरांचा असतो. तो सार्वजनिक संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहतात. मात्र त्या संग्रहात चुकीच्या नावाने जमा झालेल्या नोंदीही आहेत, त्यामुळे अहवालात जुळणीची टक्केवारी उत्तम दिसली तरी त्याच शेतातल्या एका नराची काचपट्टी सोबत तपासली जावी, असा माझा आग्रह राहील. शिवाय ही चाचणी जात सांगते, औषध का लागू पडत नाही ते सांगत नाही. प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकीय बदल शोधण्याची तपासणी वेगळी असते आणि ती वेगळी मागावी लागते.

तेव्हा लेबलावर भेंडी आणि कोळी या दोहोंचा उल्लेख असलेले कोळीनाशक योग्य मात्रेत, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असे मारूनही कोळी हटले नाहीत, तरच नमुना पाठवा. शेताच्या चार-पाच ठिकाणची पाने घ्या, कारण एकाच शेतात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. कोळी मऊ कुंचल्याने उचलून 95 टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. गाव, पीक आणि तारीख पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि प्रयोगशाळेच्या हाती कोरा कागद येतो.

प्रश्न : नेरूळला गच्चीवर मिरचीची झाडे आहेत, शेंड्याची पाने आकसली आहेत. माझ्यासाठीही अशी चाचणी आहे का?

उत्तर : आहे, पण तुम्हाला तिची गरज नाही. पानाच्या कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो पिवळा कोळी असतो. कडा वर वळल्या असतील, तर फुलकिडे किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता जास्त. कोळी असल्यास आकसलेले शेंडे खुडून टाका आणि पाण्यात मिसळणारे गंधक संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.