ताप उतरत नाही, रिपोर्ट सगळे निगेटिव्ह

प्रश्न: पन्हाळ्याच्या बाजूला आमचं रान आहे. वैरण कापून आल्यावर दहा-बारा दिवसांनी भावाला जोराचा ताप आला, डोकं फुटायला लागलंय. डेंग्यू, मलेरिया दोन्ही निगेटिव्ह. आता काय करू?

आधी त्याचं अंग नीट बघा. काख, जांघ, कमरेला पट्टा बसतो तिथं, कुठं काळी खपली आहे का, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, त्यामुळं पेशंट स्वतःहून सांगतच नाही आणि तिथंच घोळ होतो. ही खूण स्क्रब टायफसची. गवतातल्या माइट नावाच्या किड्यांची पिल्लं चावतात, इतकी बारीक की लक्षातच येत नाही, आणि त्यातनं ओरिएन्शिया नावाचे जीवाणू अंगात शिरतात. हे जीवाणू आपल्या पेशींच्या आत जाऊन वाढतात, म्हणून अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या कितीबी खाल्ल्या तरी उपयोग नाही, डॉक्सीसायक्लिन लागतं आणि ते वेळेत मिळालं तर ताप बऱ्याचदा दोन दिवसांत उतरतो, उशीर झाला तर फुफ्फुस, किडनी, मेंदूपर्यंत जातं. खपली सगळ्यांना येत नाही हो, त्यामुळं दिसली नाही तरी डॉक्टरांना "रानात गवत कापत होता" एवढं आजच सांगा.

प्रश्न: कागलहून. गाईला गोचीड झालेत, ताप आहे, डोळे पिवळे दिसतात.

अ‍ॅनाप्लाझ्मा असू शकतो, हा पण जीवाणूच, तांबड्या पेशीत राहतो. लघवी कॉफीसारखी होत असेल तर मात्र बबेसियाचा संशय, तो जीवाणू नाही आणि त्याचं औषध वेगळं, म्हणून मनानं इंजेक्शन देऊ नका, जनावरांच्या डॉक्टरांकडनं रक्त तपासून घ्या. आणि एक कळकळीनं सांगतो, एकाच सुईनं अख्ख्या गोठ्याला टोचायचं बंद करा, अ‍ॅनाप्लाझ्मा गोचिडाशिवाय सुईनं पण पसरतो, चावणाऱ्या माशांनी पण.

प्रश्न: माळ्यावर मेलेला उंदीर सापडला. प्लेग तर नाही ना?

एक उंदीर मेला म्हणजे प्लेग नव्हे, बहुतेक वेळा कुणीतरी औषध ठेवलेलं असतं. पण १९९४ ला बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेग निघालेला, त्यामुळं प्रश्न चुकीचा नाही. प्लेगचे जीवाणू पिसवेच्या पोटात गोळा होऊन वाट बुजवतात, ती उपाशी राहते, पुन्हापुन्हा चावते आणि चावताना जीवाणू रक्तात ओकते. उंदीर थंड पडला की पिसवा दुसरं अंग शोधतात. म्हणून शेपटीला धरून उचलू नका, ग्लोव्हज घाला, आधी कीटकनाशक मारा, मग पुरा. गल्लीत एकदम भरपूर उंदीर पटापट मरायला लागले तर हात न लावता आरोग्य विभागाला कळवा.