ऑर्किडचा संकर करण्याआधी डीएनए चाचणीचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण ती कशासाठी करायची हे आधी ठरवा. कोल्हापूरजवळच्या तुमच्या पॉलिहाऊसमध्ये निरनिराळ्या रोपवाटिकांतून आणलेली डेंड्रोबियम आहेत आणि त्यांतून संकरासाठी जोड्या निवडायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच काम करतो.

आरएपीडी, आयएसएसआर, एसएसआर या तीन प्रकारच्या मार्करनी, म्हणजे डीएनएवरच्या खुणांनी, झाडांमधलं नातं कळतं. फूल केवढं येईल, किती दिवस टिकेल, हे त्यांतून कळत नाही. तरीही तुम्ही चाचणी करावी असं मला मनापासून वाटतं. बाजारातली बरीचशी डेंड्रोबियम टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली असतात. एकाच झाडाची हजारो रोपं होतात आणि हात बदलताना नावंही बदलतात. दोन जाती म्हणून घेतलेल्या कुंड्या एकाच झाडाच्या निघाल्या, तर तो संकर नव्हेच, स्वपरागण झालं. बी रुजवून फूल बघायला काही वर्षं जातात, तोवर जागा अडकते आणि पैसाही.

ऑर्किडच्या पानातून स्वच्छ डीएनए काढणं हेच अवघड. पान वाटलं की चिकट रस सुटतो, आणि शेवटी पांढऱ्या धाग्यांऐवजी बुळबुळीत गोळा हाती येतो. म्हणून कोवळं पान घ्यायचं आणि सीटॅब या डीएनए काढायच्या रसायनाच्या द्रावणात मीठ जास्त ठेवायचं; पान काळं पाडणारी द्रव्यं धरायला पीव्हीपी ही भुकटीही घालायची.

पहिल्या चाळणीला आयएसएसआर पुरे. आरएपीडीचे प्रायमर (डीएनएला जाऊन चिकटणारे छोटे तुकडे) जेमतेम 10 अक्षरांचे, त्यामुळे जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर, आज दिसलेला पट्टा उद्या दिसेलच असं नाही. या दोन्हींत पट्टा आहे की नाही एवढंच कळतं. जनुकाची प्रत एक की दोन, ते नाही. एसएसआर महाग, पण त्यात आईकडून आलेला आणि वडिलांकडून आलेला पट्टा वेगळा ओळखता येतो. त्यामुळे रोप बोटभर असतानाच संकर खरा की खोटा ते कळतं. माझ्या मते खर्च करायचा तर इथे करावा.

दोन गोष्टी मात्र मार्करवर सोडू नका. एकाच झाडातून उत्परिवर्तनाने निघालेले दोन रंग जेलवर बहुधा सारखेच दिसतात. आणि डेंड्रोबियममध्ये साधारण 38 गुणसूत्रं (19चे दोन संच) असली, तरी संकरित जातींत तीन-चार संचांची झाडंही असतात. तीन संचांच्या झाडाला धड बी धरत नाही. मुळाच्या टोकावरून गुणसूत्रं मोजून घ्या.

राधानगरीकडच्या रानातल्या पांढऱ्या डेंड्रोबियम बार्बाटुलमचा मोह तुम्हाला होईल. पण ते पॉलिहाऊसमधल्या जातींपासून फार दूरचं, फळ धरेलच असं नाही. अभयारण्यातून तर काहीच आणू नका. अभ्यासापुरतं पान हवं असेल तर वनखात्याची परवानगी काढा आणि नमुने लांबलांबच्या झाडांवरून घ्या. एका फांदीवरची रोपं एकाच बोंडातली भावंडं असू शकतात.

सध्या प्रत्येक कुंडीला क्रमांक द्या, पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवा आणि पाकिटावर तोच क्रमांक लिहा.