गोव्यातल्या जुन्या वाड्यात गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

वस्तूंची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि एक पावसाळा त्या वाड्यावर नजर ठेवा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. कुठलं कौल गळतं, कुठल्या भिंतीला ओल येते, वाळवी कुठून चढते, हे जुलैत कळतं तसं जानेवारीत कळत नाही.

मी प्रदर्शनांच्या मांडणीचंच काम करतो. चिऱ्याच्या भिंतीला खिळा मारू देत नाही. फलक आपल्या पायांवर उभे राहणारे करा, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागून वारा खेळता राहतो. डागडुजी चुन्यानेच करा. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि चिरा झिजत जातो. जुना कागद आणि कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. शिंपांच्या तावदानांतून येणारा उजेड डोळ्यांना मऊ वाटतो, पण रोज पडला की कापडाचा रंग उडवतोच, आणि उडालेला रंग परत येत नाही. मोडी दस्तांच्या प्रती मांडा, मूळ कागद पेटीत आडवे ठेवा. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, असं मात्र करू नका. ओलावा सतत कमीजास्त झाला की लाकूड तडकतं.

राजांगण, म्हणजे वाड्याच्या मधलं अंगण, मोकळं राहू द्या. भाताच्या कोठीत खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची, गोष्ट सांगा: बांध, मानस (पाणी आतबाहेर सोडायचं दार), खारं पाणी अडवणारी माणसं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वाडा भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, असेल, तर तिथे घराण्याच्या तसबिरी, पालखी, चिनी मातीची भांडी आपोआप जमतात. गाव मात्र मागच्या दाराने यायचा. गोवा मुक्त झाला तो दिवस, १९ डिसेंबर १९६१, प्रत्येक फलकावर असेलच. पण कुळांसाठी १९६४ चा कूळ कायदा आणि भाटात (भाटकाराच्या जमिनीत) घर असलेल्यांसाठी १९७५ चा मुंडकार कायदा तेवढेच मोठे होते. ती वर्षंही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. कुळांच्या, मुंडकारांच्या घरी जा, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, त्यांच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड करून ठेवा. हे काम सगळ्यांत आधी करा, कारण ती माणसं थकत चालली आहेत. पाहुण्यांची एक वाट मागच्या दारातूनही ठेवा.

बाणावलीचं ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय पाहून या. रोजच्या वापरातली अवजारं केवढा इतिहास सांगतात ते तिथे दिसेल.