जुन्या पीसीत पहिलं कार्ड बसवताना

माळ्यावरचा ३८६ (३८६ प्रोसेसरचा जुना पीसी) चालू झाला म्हणजे अर्धी लढाई जिंकलास! साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड बसवायची घाई समजू शकतो, पण आधी एवढं बघ.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढ. कार्ड कडेने धर, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. त्या काळवंडल्या असतील तर खोडरबर हलकेच फिरव आणि भुगा नीट झटक. कार्ड सरळ खाली दाब, मग स्क्रू लावच. स्क्रू नसला की कार्ड एका बाजूने उचललं जातं आणि ‘मेलंय’ असं वाटतं. मी तसं एक धडधाकट कार्ड भंगारात दिलंय.

नवशिक्यांची खरी फसगत होते ती आयआरक्यूत, म्हणजे कार्ड ज्या नंबरावरून प्रोसेसरला हाक मारतं त्यात. इथे प्लग अँड प्ले (नंबर आपोआप ठरणं) नाही; दोन कार्डांनी एकच नंबर मागितला की भांडण.

- साउंडला पत्ता (प्रोसेसर कार्डाशी बोलतो तो पोर्ट क्रमांक) २२०, आयआरक्यू ५, डीएमए (कार्डाची थेट मेमरीशी बोलायची वाट) १. आयआरक्यू ७ सहसा प्रिंटर पोर्टचा असतो.
- जंपर (कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हलवण्याआधी फोटो काढ.
- एका वेळी एकच कार्ड.

८ बिटी कार्ड लांब १६ बिटी आयएसए स्लॉटमध्येही (आयएसए म्हणजे त्या काळच्या पीसीतली कार्ड बसवायची खाच) चालतं, त्याची काळजी नको. मेमरी मॅनेजर (डॉसमध्ये मेमरी मोकळी करून देणारा प्रोग्राम) वगैरे नंतर. आधी आवाज तर येऊ दे.