रिपोर्टमधलं 'हाय'

"मॅडम, ह्या औषधानं पोराचं लिव्हर जातं का?"

मुलांच्या फिट्सच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून बसते. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेले आईवडील माझ्या टेबलाशी थांबतात आणि आत विचारायचा राहिलेला प्रश्न इथे विचारतात. पूर्वी विचारायचे, आकडी आल्यावर कांदा हुंगवू का, चप्पल नाकाशी धरू का. आता कांदा मागे पडला आणि लिव्हर आलं.

हा प्रश्न आला की मी हल्ली सोन्याची गोष्ट सांगते. खरं नाव वेगळं आहे, पण घरोघरी एक सोन्या असतोच, त्यामुळे चालून जातं.

सोन्या साडेसहा वर्षांचा, वजन १८ किलो. घर पंढरपूरच्या बाजूला. वडील उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात, आई घर आणि दोन म्हशी बघते. वर्षात तीनदा आकडी आल्यावर डॉक्टरांनी सोडियम व्हॅल्प्रोएटचं सिरप सुरू केलं, सकाळी ५ मिली आणि रात्री ५ मिली. चार महिने एकही फिट नाही. मग श्रावणातल्या एका शुक्रवारी तिघंही सकाळीच येऊन बसले. आदल्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच पोरगं आडवं झालं होतं.

डॉक्टरांनी औषधाची रक्तातली पातळी काढायला सांगितली. गडबडीत सकाळचा डोस द्यायचा राहिला होता, ते एका अर्थी बरंच झालं. ही पातळी डोसच्या आधी मोजायची असते. औषध पाजून रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो. सोन्याचा आकडा आला ३१. व्हॅल्प्रोएटसाठी साधारण ५० ते १०० धरतात. उलटी नाही, जुलाब नाहीत, वजनही तेवढंच. "आजचा सोडला तर डोस एकबी चुकला न्हाई, देवाशपथ," आई म्हणाली. आणि ती खरंच बोलत होती.

"औषध कसं देता ते दाखवा बरं," मी म्हटलं. हे मी सगळ्यांनाच करायला लावते. तिने पिशवीतून बाटली काढली, बाटलीवर उपडं घातलेलं प्लास्टिकचं माप काढलं. धुऊन धुऊन मापावरचे आकडे गेले होते, म्हणून तिने ५ मिलीच्या जागी नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली होती. हुशार बाई. पण त्या रेघेच्या खाली आणखी एक रेघ होती. गुलाबी, अजून चकाकणारी.

"ही कसली?"

आई नवऱ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने खिशातून चारघडी कागद काढले.

झालं होतं असं. गावात एका लॅबचं शिबिर आलं, थोड्या पैशांत ढीगभर तपासण्यांचं पॅकेज. वडिलांनी स्वतःचं रक्त दिलं आणि 'लहानग्याचं पण बघून घ्या' म्हणून सोन्याचंही. रिपोर्टमध्ये दोन ओळी ठळक छापलेल्या, त्यांच्यापुढे इंग्रजी 'एच'. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, ५८. अल्कलाइन फॉस्फटेज ३२६. शेजारच्या मेडिकलमध्ये कामाला असलेल्या पोराने वाचून दिलं, एच म्हणजे हाय.

"त्यो म्हणला, हाय. मी म्हटलं, काय हाय? तर म्हणला, लिव्हरचं हाय," आईने मला सांगितलं. कागदावरच्या 'हाय'चा अर्थ जास्त आणि घरातल्या 'हाय'चा अर्थ आहे. त्याच रात्री गुलाबी रेघ पडली, ३ मिलीवर. औषध बंद करायची हिंमत नव्हती आणि पूर्ण पाजवतही नव्हतं.

यात माझाही हात होता. त्याआधीच्या फेरीत तिने मला विचारलं होतं, "लिव्हरला काय होत न्हाई ना?" बाहेर रांग होती. मी म्हटलं, "काही होत नाही, काळजी करू नका." हे वाक्य ऐकून कुणाची काळजी गेल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. ती आहे तिथेच राहते, फक्त पुढच्या वेळी आपल्याला सांगत नाहीत.

आता मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, बापाचा आणि लेकाचा. अल्कलाइन फॉस्फटेजच्या ओळीत 'नॉर्मल' म्हणून दोघांनाही एकच छापलेलं, ४० ते १३०. ते मोठ्या माणसाचं माप. हे एन्झाइम लिव्हरमध्ये असतं तसं हाडांतही असतं, आणि वाढत्या मुलाची हाडं ते भरपूर तयार करतात. साडेसहा वर्षांच्या मुलात ३२६ म्हणजे पोरगं वाढतंय. मी वडिलांना विचारलं, "तुमची चप्पल ह्याला घातली आणि ती मोठी होते म्हणून ह्याच्या पायाला दोष दिला तर?" त्यांनी सोन्याच्या पायाकडे बघितलं.

एसजीपीटीचं थोडं वेगळं, तिथे खरंच काहीतरी होतं. व्हॅल्प्रोएट लिव्हरमधूनच पचून जातं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत काही मुलांमध्ये हा आकडा थोडा चढतो. मूल खेळतं-खातं असेल तर डॉक्टर बहुधा थांबतात, पुन्हा मोजतात, कधी डोस थोडा उतरवतात, आणि बऱ्याचदा तो आपोआप खाली येतो. नॉर्मलच्या तिपटीपुढे जायला लागला की मात्र ते कान टवकारतात. लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते, हे मी लपवत नाही. ती दुर्मीळ आहे. धोका जास्त कुणाला, तर दोन वर्षांच्या आतली बाळं, एकाच वेळी फिटची दोन-तीन औषधं घेणारी मुलं, आणि जन्मजात चयापचयाचा आजार असलेली. आणि बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच.

यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की धोक्याची पहिली खूण कित्येकदा कागदावर नसतेच. मूल मलूल होतं, जेवण सोडतं, वारंवार उलट्या करतं, दिवसाही पेंगतं, आटोक्यात असलेल्या फिट्स एकदम वाढतात. डोळे पिवळे होतात किंवा न लागता अंगावर निळे डाग उठतात. व्हॅल्प्रोएटने रक्तातला अमोनिया वाढून मूल सुस्तावू शकतं आणि तेव्हा एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतो. प्लेटलेट्सही कमी होऊ शकतात, विशेषतः डोस मोठा असला की. म्हणून यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. दर महिन्याला पॅकेज करत बसण्यापेक्षा हे लक्षात ठेवणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅबवाल्यांना ते आवडणार नाही.

हे सगळं सांगताना मला नेहमी दुसरा एक मुलगा आठवतो. ११ वर्षांचा, जन्मापासून हालचालींवर मर्यादा, बराचसा वेळ घरात गादीवर. कित्येक वर्षं फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइनवर. स्वस्त, जुनी, कामाची औषधं. त्याच्या फिट्स छान आटोक्यात होत्या, म्हणून रक्त तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याची आई एकदा बोलता बोलता म्हणाली, "हल्ली चड्डी घालताना रडतो. पाय वर उचलला की रडतो." एवढंच. मी ते चिठ्ठीवर लिहून आत पाठवलं. त्याचं अल्कलाइन फॉस्फटेज हजाराच्या वर निघालं, व्हिटॅमिन डी फक्त ८, म्हणजे फारच कमी. ही दोन औषधं लिव्हरच्या एन्झाइम्सना जास्त कामाला लावतात. ती एन्झाइम्स व्हिटॅमिन डी भराभर संपवतात, मग आतड्यातून कॅल्शियम नीट उचललं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. त्यात पोराला ऊन माहीत नाही. कार्बामाझेपिन हे फिटचं औषधही याच जातीचं. डी आणि कॅल्शियम सुरू केल्यावर दोन-अडीच महिन्यांनी चड्डीचं रडणं थांबलं. म्हणजे तोच तपास, तेच 'हाय', सोन्याच्या कागदावर वाढ आणि ह्याच्या कागदावर दुखणं. आकड्याला मूल जोडल्याशिवाय तो बोलत नाही.

बाकी औषधांच्या तऱ्हा बाकी. ऑक्सकार्बाझेपिनने सोडियम उतरू शकतं, टोपिरामेटने रक्तातलं बायकार्बोनेट (आम्लाला आवर घालणारा क्षार) कमी होऊ शकतं, आणि घामही कमी येतो, जे आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये लक्षात ठेवावं लागतं. लेव्हेटिरासेटाम रक्तात फारशी ढवळाढवळ करत नाही, पण काही मुलं चिडचिडी होतात. कुठल्या औषधाला काय बघायचं, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्याच्या पोराचं औषध वेगळं असतं.

सोन्याकडे परत येते. वडिलांनी शेवटी मनातलं विचारलं, "मग डोस कमी केला ते चुकलंच का?" चुकलं, मी म्हटलं. फिटचं औषध अचानक कमी केलं किंवा थांबवलं तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात, आणि तो धोका ५८ च्या एसजीपीटीपेक्षा कितीतरी मोठा. शाळेत एकच आली, हे नशीब. पण कमी करावंसं वाटलं, त्याबद्दल मी त्यांना बोल लावला नाही. भीती खरी होती, ती सांगायला जागा नव्हती.

माप आम्ही बाद केलं. वॉर्डातून बिनसुईची ५ मिलीची सिरिंज आणून दिली आणि आईकडून तीनदा भरून घेतली. डोस पुन्हा ५ मिली. टेबलावरचे कागद उचलताना माझं बोट बापाच्या कागदावर थांबलं. एसजीपीटी ११२, ठळक, पुढे 'एच'.

"हा तुमचा कुणी वाचला का?"

"माझं ऱ्हाऊ द्या, मॅडम."

आईने मान वाकडी करून बघितलं. "ह्यांच्यात बी हाय?"

"आहे," मी म्हटलं, आणि मोठ्यांच्या ओपीडीची चिठ्ठी तिच्याच हातात दिली.

सहा आठवड्यांनी सोन्याचा एसजीपीटी ४१ आला. मधल्या काळात फिट नाही. वडिलांची तपासणी अजून व्हायची आहे. ऊस चालू आहे म्हणतात.