ऋण सोडायचं, पण आधी वही उघड

ताई,

मी परदेशात एका कंपनीच्या हिशेब विभागात चार वर्षं काम करते. विभागात माझ्या रंगाची मी एकटीच. आल्या आल्या माझं नाव मोडून दोन अक्षरी केलं, ते मी चालवून घेतलं. मग एक सहकारी माझ्या बोलण्याची नक्कल करायला लागला. सगळे हसतात, मीही हसते. गेल्या महिन्यात वरिष्ठांनी मला ग्राहकांच्या बैठकांतून काढलं. म्हणाले, ‘तुझे उच्चार त्यांना कळत नाहीत.’ माझ्या जागी आता ज्याला मी काम शिकवलं तो बसतो. तक्रार करावी असं वाटतं, पण आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, ‘दुसरा गाल पुढे कर, त्यांच्यासाठी प्रार्थना कर.’ करते मी प्रार्थना. पण प्रभूच्या प्रार्थनेत ऋण्यांना ऋण सोडण्याची ओळ आली की माझा आवाजच बंद होतो, नुसते ओठ हलतात. गेल्या रविवारी शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. माझाच विश्वास कच्चा आहे का? की मी उगाच हळवी झालेय?

— ओठ हलवणारी

प्रिय ओठ हलवणारी,

हळवी वगैरे काही नाहीस. चार वर्षं जिनं ग्राहकांशी बोलून कामं केली, तिचे उच्चार पाचव्या वर्षी अचानक कसे कळेनासे झाले? हिशेबातलं माणूस आहेस, हा ताळा तुलाही जमत नाहीये, म्हणून तर पत्र लिहिलंस. आधी नाव, मग बोलणं, मग खुर्ची. एकेक गोष्ट सुटी सांगितली तर लोक म्हणतील, ‘त्यात काय एवढं?’ तिन्ही एकाखाली एक मांडल्या की बेरीज दिसते.

आता त्या ओळीकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. आपल्या मराठी प्रार्थनेत अपराधासाठी शब्द ‘ऋण’ असा आहे, आणि क्षमा करणं म्हणजे ऋण सोडणं. मला तो फार मोलाचा वाटतो. ऋण सोडायचं असेल तर आधी ते आहे हे कबूल करावं लागतं. कोणाकडून किती येणं आहे, कधीपासूनचं आहे, हे वहीत मांडल्याशिवाय सावकारालाही ते सोडता येत नाही. तू वही कोरी ठेवलीस. नक्कल झाली की हसलीस, म्हणजे येणं लिहिलंच नाहीस. आणि आता रविवारी उभी राहून न लिहिलेलं येणं सोडायला निघालीस. आवाज बंद होणारच. तुझा गळा तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे एवढाच त्याचा अर्थ, विश्वास कच्चा असल्याचा नव्हे.

पाळकसाहेबांच्या मनात वाईट नसेल. पण ‘दुसरा गाल’ हे वचन दुखावलेल्या माणसाला गप्प बसवायला इतक्या वेळा वापरलं गेलंय की मला त्याचा मनापासून राग येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू ‘उजव्या गालावर’ असं म्हणतो. समोर उभं राहून उजव्या हातानं कुणाच्या उजव्या गालावर मारायचं झालं तर हात उलटा करावा लागतो. करून बघ हवेत. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की हा मार इजा करायचा नाही, पायरी दाखवून द्यायचा आहे. आणि दुसरा गाल पुढे करणारा मान खाली घालत नाही, तो समोरच बघत राहतो.

हा अर्थ पटला नाही तरी हरकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढ. महायाजकाच्या घरी चौकशी चालू आहे, हात बांधलेले आहेत, आणि शेजारी उभा असलेला एक कामदार प्रभूला चपराक मारतो. तिथे त्यानं काय केलं? उलट मारलं नाही. गप्पही बसला नाही. तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? दुसऱ्या गालाचं वचन ज्यानं दिलं त्याच्याच तोंडचं हे वाक्य आहे.

हेच वाक्य तुला वरिष्ठांपुढे कामाला येईल. त्यांना ईमेल लिही, चार ओळींची. अमुक तारखेला आपण सांगितलंत की माझे उच्चार ग्राहकांना कळत नाहीत. कोणत्या ग्राहकाला, कोणत्या बैठकीत, नेमकं काय कळलं नाही ते कृपया कळवावं, म्हणजे मला सुधारणा करता येईल. बस. वंशवाद हा शब्दही या ईमेलमध्ये नको, तो तक्रारीत येईल. खरंच एखादी अडचण असेल तर उत्तर येईल, आणि तू ते मोकळ्या मनानं वाच. चूक निघाली तर सुधारायलाही लाजू नकोस. उत्तर आलं नाही, किंवा गोलमाल आलं, तर तेही कागदावर आलं.

नक्कल करणाऱ्यासाठी वेगळं. हसू नकोस, एवढंच पहिलं. दुसरं, सरळ चेहऱ्यानं विचार, ‘यात गंमत काय आहे? कळलं नाही, समजावून सांग ना.’ विनोद समजावून सांगायला लागला की माणूस अडखळतो, आणि बाकीचे आपापल्या संगणकाच्या पडद्याकडे बघायला लागतात. पहिल्यांदा तुझा आवाज कापेल. कापू दे.

आज रात्रीपासून वही सुरू कर. कंपनीच्या संगणकावर नको. वाद वाढला तर तो संगणक तुझ्या हातून एका दिवसात जाईल. घरची साधी वही. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते शब्दशः, खोलीत आणखी कोण होतं, तू काय उत्तर दिलंस. ‘मला अपमान वाटला’ यापेक्षा ‘त्यानं टेबलावर हात आपटत माझ्यासारखं तीन वेळा म्हणून दाखवलं’ हे पुढे जास्त वजनदार ठरतं. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी पाठवू नकोस, आणि चोरून ध्वनिमुद्रण करायच्या आधी तिथला कायदा विचारून घे. काही ठिकाणी ते तुझ्यावरच उलटेल.

मग लेखी तक्रार, कंपनीच्या ठरलेल्या पद्धतीनं. कामगार संघटना असेल तर तिला आधी गाठ. आणि कंपनीबाहेर, सरकारी यंत्रणेकडे तक्रार करायच्या मुदतीकडे लक्ष ठेव. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाकडे जायला साधारण 180 दिवस मिळतात, जिथे राज्याचा किंवा स्थानिक कायदाही लागू असतो तिथे 300. काही देशांत मुदत याहूनही कमी असते, आणि ‘आत बघू काय होतंय’ म्हणत बसलेल्यांची ती हमखास टळते. म्हणून तू जिथे आहेस तिथला एखादा कामगार कायद्याचा सल्लागार याच महिन्यात बघ. तुझा राहण्याचा परवाना या नोकरीला बांधलेला असेल तर रागाच्या भरात राजीनामा अजिबात नको, आधी त्याच सल्लागाराला विचार. तू भीक मागत नाहीयेस हेही लक्षात असू दे. वंश, रंग, मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव नको हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1958च्या करारात लिहिलेलं आहे आणि जगातल्या बहुतेक देशांनी तो मान्य केलाय.

‘पण मग क्षमेचं काय?’ हे तू विचारणारच. जुन्या करारातलं गणना हे पुस्तक, अध्याय बारा. मोशेनं कूशी बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागले. कूश म्हणजे मिसराच्या, आजच्या इजिप्तच्या, दक्षिणेचा मुलूख, परकी बाई. देवाचा राग भडकला आणि मिर्यामच्या अंगावर बर्फासारखं पांढरं कोड उठलं. मोशेनं तिच्यासाठी लगेच प्रार्थना केली, एका ओळीची. क्षमा झाली म्हण ना. पण तरीही मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं, आणि ती परत येईपर्यंत सगळा तळ थांबून राहिला. प्रार्थना आणि सात दिवस, दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. (त्या कूशी बाईला काय वाटलं ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला ते नेहमी खटकतं.)

तक्रार करून तू चर्चच्या मंडळीत परकी होशील असं वाटत असेल तर मंडळीचा जन्मच आठव. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय अशी कुरकुर झाली. पेन्टेकॉस्टचा, म्हणजे देवाची कृत्यं सगळ्या भाषांत ऐकू आली तो दिवस बघितलेली माणसं ती, आणि तरी भाषेवरून भेदभाव करत होती! बारा प्रेषितांनी त्या बायकांना सोसा म्हणून सांगितलं नाही. सभा बोलावली आणि वाटणीवर सात माणसं नेमली. स्तेफन, फिलिप्प... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची नावं दिसतात ती.

पुढच्या काळात चर्च हे विसरलं, तेही खरं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या अ‍ॅबसलोम जोन्स या काळ्या माणसाला व्यवस्थापकांनी ओढून उठवायला सुरुवात केली. तो म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. ते थांबले नाहीत. प्रार्थना संपल्यावर काळे उपासक सगळे मिळून बाहेर पडले. त्यांच्यातल्या रिचर्ड अ‍ॅलननं 1816मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं केलं. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. दंडाला धरून ओढत असतानाही त्यांना आधी ‘आमेन’पर्यंत पोचायचं होतं. ताकद म्हणतात ती मला तरी अशी दिसते. तक्रार आणि प्रार्थना त्यांनी एकाच सकाळी केली.

तुझ्या उच्चारांबद्दल राहिलंच. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या अंगणात शेकत बसला होता, तेव्हा तो कशावरून ओळखला गेला? बोलण्यावरून. तू त्यांच्यातलाच, तुझी बोलीच सांगतेय, असं लोक म्हणाले. गालिली हेल होता त्याचा, यरुशलेमकरांच्या कानाला खटकणारा. आणि प्रभू कुठे वाढला? त्याच गालीलात, नासरेथ गावी. ‘नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का’ असं पुढे शिष्य झालेल्या नथनेलानं विचारलं ते याच गावाबद्दल. म्हणजे डोंगरावरचं प्रवचन झालं तेही बहुधा त्याच हेलात, ज्याला राजधानीतल्या एखाद्या बैठकीतून ‘कळत नाही’ म्हणून काढून टाकलं असतं. उद्या तो सहकारी तोंड वाकडं करून बोलायला लागला की हे आठवून बघ. थोडं हसूही येईल, आणि या वेळी ते तुझं असेल.

रात्री झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांकडे जा, त्यात अविश्वास नाही. आणि पाळकसाहेबांशी एकदा पुन्हा बोल, योहानाचा अठरावा अध्याय हातात घेऊन. चांगले असतील तर ऐकतील.

रविवारच्या ओळीचं म्हणशील, तर तिथे काही दिवस गप्प राहिलीस तरी चालेल. ओठसुद्धा हलवू नकोस. त्या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आणि ‘आमचे’ आहे; ती एकट्यानं पुरी करायची अटच नाही. तुझ्या वाट्याची ओळ तेवढे दिवस शेजारच्या बाई म्हणतील. उपासना संपली की त्यांना गाठ. त्यांनी वळून पाहिलं ते कदाचित विचारायचं म्हणूनच असेल.

तुझी,
ताई