सागाची पानं अळ्यांनी फस्त केली, तर जंगलात नवीन साग उगवेल का?

ताडोबाच्या बाजूला सप्टेंबरात सागाची पानं वाळून जाळीदार झालेली दिसली, आता नवीन झाडं येतील का, असं तुम्ही विचारलंय. मी चंद्रपूरकडचा, सागाचं बी रुजवण्यात माझी बरीच वर्षं गेली. बी उगवेल. काळजी करायची ती उगवलेल्या रोपाची.

सागावर मुख्यतः दोन अळ्या येतात. एक पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी खाते, जाड शिरा तेवढ्या उरतात. दुसरी ऑगस्टच्या आसपास येते आणि शिरांमधला हिरवा भाग खरवडते. तुम्ही पाहिली ती ही. पान उन्हासमोर धरा, पार चाळणी झालेली असते.

मोठं झाड सहसा मरत नाही, पण खर्चात पडतं. केरळात निलंबूरच्या कोवळ्या रोपवनात पहिल्या अळीमुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडाल्याचं संशोधकांनी मोजलंय. साग फुलतोही पावसाळ्यातच. झाडातला अन्नाचा साठा पुन्हा पालवी फोडण्यात गेला की फुलोऱ्याला कमी पडतो, त्यात ही पहिली अळी फुलोराही खाते. म्हणजे बी कमी धरतं.

एकदा धरलेलं बी रुजण्यात मात्र मुख्य अडचण कवचाची. ते इतकं टणक की आम्ही रात्री पाण्यात, दिवसा उन्हात असं आठवडाभर करतो, तरी काही बिया दुसऱ्या पावसाळ्यातच डोकं वर काढतात. उलट माथा उघडा पडला की जमिनीवर ऊन येतं आणि सागाच्या रोपाला ऊनच लागतं. (घाणेरीलाही तेच ऊन फावतं, हे खरं.) अळ्यांची विष्ठा खालच्या पाचोळ्यावर रिमझिम पावसासारखी वाजत पडते, तिच्यातून नत्र मातीत परत जातं.

रोपाची गोष्ट वेगळी. वणवा, चराई यांत त्याचा शेंडा वर्षानुवर्षं जातो, पण खाली मूळ जाड होत राहतं आणि एका पावसाळ्यात ते सरळ वर येतं. जडी, म्हणजे शेंडा छाटलेलं रोपाचं मूळ, लावतो ती याच भरवशावर. मुळातला हा साठा पानांनीच भरायचा असतो. दोन-चार पानांच्या रोपाची पानं गेली, तर भरणार कशानं? वरचा पाला संपला की अळ्या धाग्यावरून खाली उतरतात, तेव्हा आईच्या पायाशी उगवलेलं रोप आधी सापडतं. आईवर पोसलेली कीड तिच्याखाली तिचीच पिल्लं टिकू देत नाही, हा विचार जान्झेन आणि कॉनेल या परिसंस्थांच्या अभ्यासकांनी, एकानं १९७० साली आणि दुसऱ्यानं १९७१ साली, मांडला, उष्ण प्रदेशातल्या जंगलांबद्दल.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात गेलात तर सागाखाली शोधू नका. थोडं लांब, ऐन-धावड्याच्या झाडांमधल्या उघड्या जागेत बघा. खरखरीत पानाचं रोप दिसलं तर कोवळं पान बोटांत चुरगाळा. बोटं लाल झाली तर तो साग.